आईची आठवण: शून्य वेळा

मला तिच्या आईचा हेवा वाटायचा. साधासुधा नाही, चांगला पोटात दुखण्याइतका. सत्तरी ओलांडलेली ती चिनी बाई, दोन्ही गुडघे गेलेले, आंग मो किओला एका खोलीच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटी राहायची. हेवा करावा असं तिच्याकडे एकच होतं, छत्तीस वर्षांची मुलगी. ती मुलगी माझ्या घरी राहायची, माझ्या हातचं खायची, माझ्या लेकीच्या पलंगावर झोपायची. आणि होती मात्र आईची. कुणी म्हणेल, अहो बाई, मुलगी आईची नाही तर कुणाची असणार? तेच तर. एवढी साधी गोष्ट मला वर्षभर पचली नाही, आणि त्यापायी मी जे केलं ते कधीतरी सगळं सांगून टाकायलाच हवं होतं.

आम्ही तेव्हा त्याच शहराच्या पश्चिम टोकाला, जुरोंग ईस्टला राहत होतो. पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळाल्यावर घेतलेला फ्लॅट, तीन बेडरूम, आणि त्यातली एक ताजी ताजी रिकामी झालेली. लेक शिकायला मेलबर्नला गेली. नवरा सकाळी साडेसहाला गळ्यात पास अडकवून कंपनीच्या बसनं जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यात जायचा तो संध्याकाळी सातला उगवायचा. मधले बारा तास मी भिंतींशी बोलायचे. लेकीला फोन केला की ती म्हणायची, "आई, आय ॲम इन क्लास लाह." दिवसाचे चोवीस तास तिचा क्लासच असायचा.

म्हणून मी घराजवळच्या एका केंद्रात मंगळवारी जायला लागले. डाउन सिंड्रोम असलेली, बुद्धीची वाढ कमी झालेली मोठी माणसं तिथे दिवसभर येत. चमचे आणि टिश्यू पाकिटात भरायचे, पाकिटं खोक्यात लावायची, मग नाश्ता, मग थोडा नाच. तिथेच ती होती. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, केस कानापर्यंत कापलेले. ती कुणाशी फारसं बोलायची नाही. टेबल पुसायची. आधी लांब हात, मग कोपरे, मग शेवटी फडक्याची घडी करून कडेवरून एक हात. तिच्या आईनं हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या बाजारात, चहा-कॉफीचा स्टॉल वीस-बावीस वर्षं चालवला होता आणि ही तिथली टेबलं पुसत मोठी झाली होती. आई पडली, कमरेचं हाड मोडलं, स्टॉल गेला. आईला स्वतःला उठायला दुसरा माणूस लागायला लागला, तिथे मुलीला कोण आंघोळ घालणार?

केंद्राच्या संस्थेनं तेव्हा एक नवीन प्रयोग काढला होता. अशा माणसांना मोठ्या वसतिगृहात न ठेवता एखाद्या कुटुंबात ठेवायचं. त्याला ते होस्ट होम म्हणायचे आणि आमच्यासारख्यांना होस्ट. मला विचारल्याबरोबर मी हो म्हटलं. नवऱ्याला नंतर सांगितलं.

संस्थेची अधिकारी घर बघायला आली. तिशीची चटपटीत मुलगी, हातात टेप. खिडक्यांचे गज, बाथरूमची फरशी, सुऱ्यांचा खण, गॅसचं बटण, सगळं तपासलं. मग आम्हाला दोघांना समोर बसवून विचारलं, हे तुम्हाला का करायचंय? मी माणुसकी, समाजाचं देणं वगैरे चांगलं पाच मिनिटं बोलले. नवरा म्हणाला, हिला हाताखाली कुणीतरी लागतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण त्या मुलीनं ते हसत हसत लिहून घेतलं. माझं भाषण तिनं लिहून घेतलं नाही.

मग चार शनिवार प्रशिक्षण झालं. फीट आली तर काय करायचं, चिडली तर काय करायचं, तिच्या अंगाला हात लावायच्या आधी तिला कसं विचारायचं. आणि एक वाक्य त्या अधिकारी मुलीनं चारही शनिवारी सांगितलं. तुम्ही तिची आई नाही, आईची जागा घ्यायला जाऊ नका. मी चारही वेळा मान हलवली. मला वाटलं, हे दुसऱ्या बायकांसाठी आहे.

चिनी नववर्ष झालं आणि ती आमच्याकडे राहायला आली. एक बॅग, एक उशी, आणि निळ्या पुठ्ठ्याची एक वही. वही संस्थेची. रोज संध्याकाळी मी भरायची, सकाळी तिच्या बॅगेतून ती केंद्रात जायची, तिथले लोक त्यांचं लिहायचे, आणि रविवारी आई भेटायला आली की आईनं वाचायची. प्रत्येक पानावर छापलेले रकाने होते. झोप कशी लागली, जेवली काय, शी-शू, मूड. आणि तळाला शेवटचा रकाना: आईची आठवण काढली का? किती वेळा? त्या मुलीनं समजावून सांगितलं होतं की हा आकडा महत्त्वाचा. हळूहळू कमी होत गेला की समजायचं ती रुळतेय.

सुरुवातीला मी इमानेइतबारे लिहायचे. ती विचारायची तेही ठरलेल्या शब्दांत. "मम्मी कम?" दात घासताना, बस दिसली की, कुकरची शिट्टी झाली की. सहा वेळा. नऊ वेळा. एकदा चौदा वेळा लिहिलं आणि नवऱ्याला म्हटलं, बघा, चौदा! तो म्हणाला, अगं, तू क्रिकेटचा स्कोअर सांगितल्यासारखं काय सांगतेस.

मी तिच्यासाठी काय केलं नाही? तिला वरण-भात आवडेना, तर सोयाचं पाणी घातलेली पेज शिकले. नाश्त्याला तिला अर्धं कच्चं अंडं लागायचं, बशीत फोडून, वरून सोया सॉस आणि मिरपूड. माझ्या माहेरी अंडं घरात येत नव्हतं. मी घड्याळ लावून, उकळत्या पाण्याचं भांडं झाकून, मिनिटं मोजून ते अंडं जमवलं. आठ दिवस लागले मला. नवव्या दिवशी पांढरं जेमतेम धरलेलं आणि आत पिवळं लपलपतंय असं झकास अंडं झालं. बशी पुढे ठेवली आणि कौतुकाची वाट बघत उभी राहिले. तिनं सगळं संपवलं, बशी चाटली आणि शांतपणे म्हणाली, "मम्मी वन नाइसर." म्हणजे आईचं जास्त छान लागतं.

कर्म माझं. मी मेलबर्नला फोन करून हे लेकीला सांगितलं तर ती खो खो हसली. मला हसू आलं नाही. खरंच आलं नाही.

आणि रविवार तर विचारू नका. सकाळी आंघोळ झाली की ती पांढरे कॅनव्हासचे बूट घालायची आणि दाराशी चपलांच्या कपाटावर जाऊन बसायची. आई आंग मो किओहून मेट्रोच्या लाल लाइननं यायची. गाडी बदलावी लागत नाही, सरळ शेवटच्या स्टेशनापर्यंत, तास-सव्वा तास. मग स्टेशनपासून काठी टेकत टेकत. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबल्याचा आवाज आला की ही उठायची. आमच्या कॉरिडॉरमध्ये दिवसभरात शंभर वेळा लिफ्ट थांबते. बाकीच्या नव्याण्णव वेळा ती बसून राहायची आणि आईच्या वेळी बरोबर उठायची. तिला ते कसं कळायचं देव जाणे. मी आठवडाभर हिला पाच शब्दांच्या वर बोलतं करू शकत नव्हते, आणि आई आली की ही बडबड बडबड, अर्धं त्यांच्या हॉकियन बोलीत, अर्धं इंग्रजीत. माझ्या घरात, माझ्या सोफ्यावर, मला न कळणाऱ्या भाषेत दोघी हसायच्या. मी चहा करून द्यायचे आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायचे.

आईचा स्वभाव वाईट असता तर मला किती बरं झालं असतं. ती दर वेळी काहीतरी आणायची, केळी, नाहीतर पानात गुंडाळलेला चिकट भात, आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात द्यायची. मला म्हणायची, तू फार दमतेस. मग चष्मा लावून निळी वही वाचायला घ्यायची. सहावीपर्यंत इंग्रजी शाळेत गेली होती. प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत, ती पूर्ण आठवडा वाचून काढायची. लिहिलेलं आहे म्हणजे ते तसंच घडलं, याबद्दल तिच्या मनात किंतु नसायचा. शेवटच्या रकान्यापाशी बोट थांबलं की मान हलवायची आणि मुलीला लटकं रागवायची, की इतकं विचारायचं नाही. आतून तिला बरं वाटत असणार असं मला वाटायचं. मला वाटलंच असतं ना.

सप्टेंबरमध्ये धुराचे दिवस आले. इंडोनेशियात रानं जळतात आणि आमच्या खिडकीतून समोरचा ब्लॉक दिसेनासा होतो. केंद्र बंद, खिडक्या बंद, बाहेर पडायचं तर तोंडाला मास्क. तिला खोकला लागला, मग ताप भरला. गुरुवार, शुक्रवार, शनिवार मी तिच्या उशाशी होते. कपाळावर ओल्या घड्या, आल्याचा काढा, छातीला बाम. काढा तिनं दोनदा माझ्या अंगावर उडवला. शनिवारी दुपारी ताप उतरला, तिनं माझा हात धरला आणि हात धरूनच ती झोपली. दोन तास मी हलले नाही. माझी लेक लहान असताना अशी झोपायची. मला वाटलं, झालं. आता ही माझी झाली.

रविवारी आई आली. तोंडावर मास्क, धापा टाकत. ही पलंगावरून उठली, धडपडत बाहेर आली आणि आईच्या कुशीत तोंड खुपसून हुंदके द्यायला लागली. तीन दिवस माझ्यासमोर एक टिपूस काढलं नव्हतं. मी पेजेचा बाऊल घेऊन गेले. म्हटलं, चार घास खा. तिनं तोंड वर न करता हातानं मला बाजूला सारलं.

"आंटी, यू गो आउटसाइड."

माझ्या घरात मला. आई ओशाळली, तिला दटावलं, आणि माझ्याकडे बघून पुन्हा पुन्हा सॉरी म्हणाली. ते सॉरी मला त्या ढकलण्यापेक्षा जास्त लागलं. आपलं पोर दुसऱ्याच्या घरी वेडंवाकडं वागलं की आपण जसं म्हणतो ना, तसं होतं ते. आपलं पोर आणि दुसऱ्याचं घर.

सोमवारी ती तीन वेळा म्हणाली, मम्मी कम. संध्याकाळी मी वही उघडली. झोप: चांगली. जेवण: पेज, अंडं. मूड: बरा. आईची आठवण काढली का? किती वेळा? मी लिहिलं, शून्य.

आधी मी स्वतःची समजूत घातली. पहिल्यांदा विचारलं तेव्हा तिच्या तोंडात टूथपेस्ट होती, ते काय धड विचारणं नाही. दुसऱ्यांदा नवऱ्याला विचारलं, मला नाही. तिसऱ्यांदा ती खिडकीतून बसकडे बघत पुटपुटली, ते काय, सवयीचं. मंगळवारीही शून्य. बुधवारीही. त्यानंतर समजूत घालायची गरजही पडेना, हात आपोआप गोल काढायला लागला.

रविवारी आईनं वाचलं. बोट रकान्यापाशी थांबलं. तिनं पान उलटलं, परत मागे गेली, पुन्हा सोमवारपासून वाचलं. मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. मी नजर चुकवली नाही. उगाच बढाई मारत नाही, पण खरंच चुकवली नाही. ती मुलीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "गुड. गुड गर्ल." आणि त्या दिवशी नेहमीपेक्षा तासभर लवकर निघाली.

मला बरं वाटलं. लाज वाटली असं म्हणायला मला आवडलं असतं, पण नाही. चांगलं गार गार वाटलं.

पुढच्या रविवारी ती आली, तिनं पुन्हा सात शून्यं वाचली. त्याच्या पुढच्या रविवारी आली नाही. मग एकदा आली, तास बसली, मुलगी बोलत होती पण आई नुसती हूं हूं करत होती, आणि जाताना तिला मिठी मारू दिली नाही. हात पुढे धरून तिला अलगद लांब ठेवलं. मला तेव्हा वाटलं, गुडघे दुखत असतील. मग येणं बंदच झालं.

पंधरा दिवसांनी संस्थेतल्या त्या अधिकारी मुलीचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. म्हणाली, आंटी, तुम्ही कमाल केलीत. आई म्हणतेय की मुलगी आता छान रुळलीय, मी गेले तर परत घडी विस्कटेल, म्हणून मी आता नववर्षालाच भेटेन. मुलगी कायम तुमच्याकडेच राहील अशा कागदावर सही करायलाही आई तयार झालीय. पुढच्या महिन्यात मीटिंग आहे. इतक्या कमी वेळात शून्यावर आलेलं हे आमचं पहिलंच घर.

मी थँक यू म्हटलं. फोन ठेवला. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि कागदावर मिळालं होतं.

पण पांढऱ्या बुटांना हे कुणी सांगितलं नव्हतं. रविवारी सकाळी आंघोळ करून, बूट घालून ती कपाटावर जाऊन बसली. लिफ्ट थांबायची, ती ऐकायची आणि बसून राहायची. मी सांगितलं, मम्मीचे गुडघे दुखतायत, नी पेन. तिनं मान डोलावली आणि बसून राहिली. दुपारी नवरा तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसला आणि संत्रं सोलून एकेक फोड तिला देत राहिला. चार वाजता तिनं आपणहून बूट काढले आणि टेबल पुसायला घेतलं. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. नवऱ्यानं विचारलं, अगं, तिची आई का येत नाही? मी म्हटलं, गुडघे. त्यानं नुसतं माझ्याकडे पाहिलं.

चौथ्या रविवारीही ती बसली. पाचव्या रविवारी तिनं बूट घातले नाहीत.

आंघोळ करून आली, अंडं खाल्लं, बशी विसळली, टीव्हीसमोर जाऊन बसली. लिफ्ट थांबत होती. तिनं मान वळवली नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सकाळभर तिच्याकडे बघत होते. जेवणं झाली. तिनं टेबल पुसलं, आधी लांब हात, मग कोपरे, मग कडा. एकदाही मम्मी म्हणाली नाही. नवरा म्हणाला, "आज विचारलं नाही गं तिनं. सवय झाली वाटतं."

संध्याकाळची वाट न बघता मी वही घेऊन बसले. आईची आठवण काढली का? किती वेळा? शून्य लिहायचं होतं. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा ते खरं होतं. पेन कागदाला लागेना. तिनं आईला विसरावं असं मला वाटत होतं का? नाही हो, मला फक्त तिनं आईपेक्षा मला थोडं जास्त म्हणावं असं वाटत होतं. थोडंच. आणि समोर ती बसली होती, कुणाचीच वाट न बघता. माझीसुद्धा नाही.

मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो पेपर वाचत होता, तो त्यानं घडी करून बाजूला ठेवला.

"पण का?" तो म्हणाला.

"ती मला हवी होती म्हणून."

माझ्या नवऱ्याला ओरडता येत नाही, कधीच आलं नाही, आणि त्या दिवशी मला वाटत होतं की त्यानं ओरडावं. तो म्हणाला, "ऊठ. तिला घे आणि आत्ताच्या आत्ता जा." मी म्हटलं, तुम्ही चला ना बरोबर. तो म्हणाला, "मी येणार नाही. हे तू केलंस, तूच निस्तर."

दुपारी दीडला आम्ही निघालो. लाल लाइन, पहिल्याच स्टेशनला चढलो, बसायला जागा मिळाली. ती खिडकीला नाक लावून बसली होती. तिनं विचारलं नाही की कुठे चाललोय. एरवी शंभरदा विचारते. मी स्टेशनं मोजत होते आणि इंग्रजीत वाक्यं जुळवत होते. मराठीत बोलायचं असतं तर मी काहीतरी सजवून, वळसे घालून सांगितलं असतं, स्वतःला वाचवलं असतं. इंग्रजीत मला तेवढं येत नाही. ते एका अर्थी बरंच झालं.

आंग मो किओला उतरल्यावर तिनं माझा हात सोडला आणि पुढे चालायला लागली. रस्ता तिला पाठ. सिग्नलला थांबली, बाजारातून वळली, खालच्या कॉफीशॉपमधल्या म्हाताऱ्यानं तिला हाक मारली तर हात केला. मला वाटलं आता ही धावत सुटेल. लिफ्टनं वर गेलो. लांबलचक कॉरिडॉर, एकाला एक लागून दारं. आईचं दार उघडं होतं, फक्त लोखंडी जाळी ओढलेली. आत ती प्लास्टिकच्या स्टुलावर बसून भाजी निवडत होती.

तिनं आम्हाला पाहिलं. काठी शोधत, भिंतीला धरत उठली, जाळी सरकवली. आणि मुलगी पुढे झाली नाही. ती माझ्या मागे सरकली आणि माझा कुर्ता मुठीत धरून उभी राहिली.

हे मला वर्षभर हवं होतं. तिच्या आईसमोर तिनं मला धरावं, एवढंच मी मागत होते. मिळालं. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं असं वाटलं मला.

आईनं ती मूठ पाहिली. हसली, अगदी मनापासून हसल्यासारखं. म्हणाली, "सी, शी लाइक यू." आणि आत या, बसा, असं म्हणत स्टूल पुढे सरकवायला लागली.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. "आंटी, मी वहीत खोटं लिहिलं. ती तुम्हाला विचारायची थांबली नव्हती. रोज विचारायची."

ती वाकलेली तशीच थांबली. "रोज?"

"रोज. तीनदा, चारदा. रविवारी बूट घालून दिवसभर बसायची. आजच्या रविवारपर्यंत."

"का लिहिलंस खोटं?"

"मला तुमचा हेवा वाटत होता."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या खोलीकडे पाहिलं. घडीचा पलंग, टेबलफॅन, देवापुढची संत्री, खिडकीत वाळत घातलेला एक ब्लाउज. जणू मी काय बघून गेले ते ती शोधत होती. "माझा?" ती म्हणाली. मग ती सावकाश पलंगावर बसली आणि काठी मांडीवर आडवी ठेवली.

तिनं जे सांगितलं ते मोडक्या इंग्रजीत सांगितलं, थांबून थांबून. ही जन्मली त्या दिवसापासून मला एकच भीती आहे, की मी गेल्यावर ही माझी वाट बघत बसेल. तुझ्या घरी शून्य वाचलं त्या दिवशी गाडीत बसून शेवटच्या स्टेशनापर्यंत रडले, उतरायचं स्टेशन गेलं तरी कळलं नाही. घरी आले आणि झोपले. अशी झोप मला हिच्या जन्मानंतर लागली नव्हती. सकाळी उठून म्हटलं, चला, आता मी मेले तरी चालेल.

"आता तू सांगतेस ती विचारते," ती म्हणाली. "मग मी मरू कशी?"

मी सॉरी म्हणाले, ते तिनं ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही. तिनं मला शिव्या द्याव्यात, संस्थेला फोन करावा, अशी माझी तयारी होती. तो फोन दुसऱ्या दिवशी सकाळी मीच केला, आणि ती मीटिंग रद्द झाली. पण तिथे त्या खोलीत तिनं फक्त तोंड पुसलं आणि मला सांगितलं की आता मी तिकडे येणार नाही, माझे गुडघे चालत नाहीत, दर रविवारी तू तिला इथे आणायचं. आणि तू आत थांबायचं नाही. पाच वाजता ये.

मी हो म्हटलं. वळले, तर कुर्ता ओढला गेला. तिनं अजून धरलाच होता. मी म्हटलं, मम्मी इज हिअर, बघ, मम्मी. तिनं मान हलवली, नाही. मूठ आणखी आवळली. आईनं हात पुढे केला नाही. ती पलंगावर बसून बघत राहिली. ते काम माझंच होतं.

छोटी, जाड, टेबलं पुसून खरखरीत झालेली बोटं. मी एकेक करून सोडवली. करंगळी सोडवली की पहिलं बोट परत धरायचं. शेवटी दोन्ही हातांनी तिचे हात धरून मी तिला आत ढकललं आणि जाळी ओढून घेतली.

आणि मग ती रडायला लागली. "आंटी कम? आंटी कम?" जे ऐकायला मी वर्षभर जीव टाकला होता ते मी कॉरिडॉरमध्ये उभी राहून ऐकत होते, आणि आत तिची आईही ऐकत होती.